सेक्रेटरीसाठी राखीव

३ मार्च, रविवार

बिनविरोध! आजपासून मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझं नाव पुकारल्याबरोबर सगळ्यांनी इतक्या झटकन हात वर केले की मला गहिवरूनच आलं. आधीचे सेक्रेटरी तर धावत येऊन गळ्यात पडले, गेटच्या, पंपाच्या, गच्चीच्या किल्ल्या माझ्या खिशात कोंबल्या आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. भावना अनावर झाल्या असाव्यात.

घरी येऊन हिला बातमी दिली. ही शाळेत गणित शिकवते. पेपर तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, का, दुसरं कोणी तयार नव्हतं?

नवऱ्याचं कौतुक करणं काहींना जड जातं.

संकल्प: वर्षभरात बिल्डिंग आदर्श करणे. सुरुवात पार्किंगपासून.

५ मार्च

पार्किंगची पाहणी केली. परिस्थिती भयंकर. सोळा फ्लॅट, गाड्यांना जागा नऊ आणि नियम एकही नाही! तळमजल्याच्या काकू दिवसभर गॅलरीत बसून असतात. त्यांना विचारलं, इतकी वर्षं हे चाललं कसं? म्हणाल्या, समजुतीनं. दातांचे डॉक्टर सकाळी दवाखान्यात जातात, त्यांच्या जागी नाइट ड्यूटीहून आलेली नर्स गाडी लावते. ती झोपून उठेपर्यंत डॉक्टर काही परत येत नाहीत.

म्हटलं, आणि एखाद्या दिवशी लवकर आले तर?

तर तिची बेल वाजवतात, म्हणाल्या.

याला सिस्टिम म्हणायचं? मी अख्खी नोकरी डिस्पॅच विभागात काढली आहे. हालचालींचं शास्त्र मला कोणी शिकवू नये. (हिचं म्हणणं, तुम्ही पाकिटं डिस्पॅच करत होता. तत्त्व एकच असतं.)

९ मार्च

कमिटीची मीटिंग. हजर: मी आणि खजिनदार. यांना मी मनातल्या मनात सुस्कारे म्हणतो, कारण पैशाचा विषय निघाला की ते फक्त सुस्कारा टाकतात. योजना मांडली: पिवळे पट्टे, प्रत्येक जागेला नंबर, प्रत्येक जागेपुढे दुमडता येणारा लोखंडी खांब, खांबाला कुलूप. सुस्कारे म्हणाले, फंडातले पैसे लिफ्टच्या दुरुस्तीला ठेवलेत. मी म्हणालो, लिफ्ट वर जाते, खाली येते, अजून काय हवं? त्यावर त्यांनी खोल सुस्कारा टाकला.

ठराव एकमताने मंजूर.

१७ मार्च, रविवार

पेंटरचे पैसे वाचवायला पट्टे स्वतःच मारले. कमरेचे तीन तेरा वाजले, पण काम फर्स्ट क्लास. छोटीशी अडचण: पट्टे सरळ मारल्यावर नऊच्या साडेसात जागा झाल्या. म्हणजे आजवर लोक गाड्या तिरक्या लावून बेशिस्तपणे नऊ बसवत होते!

ती उरलेली अर्धी जागा गेटला लागून आहे. ती कोण घेणार? शेवटी मीच त्याग केला. ‘सेक्रेटरीसाठी राखीव’ असं तिथे ठळक लिहिलं. माझी गाडी थोडी गेटमध्ये येते. पण लहान गाड्या जाऊ शकतात. चालवणारा चांगला हवा.

१८ मार्च

दुकानदाराने फसवलं. रंग वाळलाच नाही. सकाळी सगळ्यांच्या टायरना लागून रस्त्यावर पार बाजारापर्यंत पिवळे पट्टे गेलेत. जिन्यात पिवळी पावलं. लिफ्टमध्ये पिवळी पावलं. काकूंच्या मांजराचे चारही पाय पिवळे.

दातांचे डॉक्टर भांडायला आले. यांची गाडी म्हणजे रणगाडा. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा माणूस, आज स्वतःचं उघडलं ते मिटायलाच तयार नाही. मी शांतपणे म्हणालो, निदान आपली गाडी कुठून कुठे गेली हे कळतंय ना? त्याला ट्रॅकिंग म्हणतात.

गेले एकदाचे.

२ एप्रिल

खांब बसले. हिचा भाऊ फॅब्रिकेशनचं काम करतो, त्यानेच घरचं कार्य समजून केले. दर बाहेरच्यापेक्षा जरासा जास्त, पण आपला माणूस आहे. सगळ्या किल्ल्या एका कड्यात, कडं माझ्या कमरेला. सेंट्रल कंट्रोल!

ही म्हणाली, प्रत्येकाची किल्ली प्रत्येकाला देऊन टाका. मग कंट्रोल कसला राहिला?

४ एप्रिल

सकाळपासून बेल. ह्याला बाहेर जायचंय, तिला आत यायचंय. जेवतानाही पाच वेळा उठलो. ही म्हणाली, रिटायर होऊन बढती मिळाली म्हणायची, दरवान झालात.

नवीन नियम: किल्ल्या सकाळी ९ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ६ मिळतील. दारावर बोर्ड लावला.

१० एप्रिल

नियमाचा उत्तम परिणाम. बेल जवळजवळ बंद. पार्किंगही रिकामं, स्वच्छ, बघत राहावं असं. लोक आता गाड्या शेजारच्या बिल्डिंगसमोर लावतात. म्हणजे आपला पार्किंगचा प्रश्न सुटलाच!

हिला खाली नेऊन दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, छान आहे, बॅडमिंटन खेळता येईल.

२१ एप्रिल

आज कठोर व्हावं लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गिटार मास्तरचा मेंटेनन्स थकलाय. पोरगा गुणी आहे, घरी क्लास घेतो, पण परीक्षांमुळे विद्यार्थी येत नाहीत, म्हणे. सगळ्यांचीच काही ना काही कारणं असतात. त्याची गाडी आत असताना मी समोरचा खांब उभा केला आणि कुलूप घातलं.

मास्तर खाली आला. हात जोडून म्हणाला, काका, पुढच्या महिन्यात सगळं भरतो. बायकोचे दिवस भरत आलेत, गाडी कधीही लागेल. मी म्हणालो, दिवस तुमचे भरत आले असतील, मेंटेनन्स भरायचा राहिलाय. वाक्य जमून आलं. तो मात्र हसला नाही.

हिला वाक्य सांगितलं. हीसुद्धा हसली नाही. म्हणाली, आत्ताच्या आत्ता ते कुलूप काढा. मी म्हणालो, आज काढलं तर उद्या प्रत्येक जण बायकोचे दिवस मोजत येईल. ही उठून आत गेली आणि दार जरा जोरात लावून घेतलं.

वारा असेल.

२३ एप्रिल

कष्टाचं चीज झालं! शेजारच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींचा फोन. रविवारी सकाळी या, पार्किंगबद्दल तुमच्याशी बोलायचंय, आमचे सगळे मेंबर थांबणार आहेत. आवाजात आदरयुक्त कंप होता. भाषण लिहायला घेतलं. विषय: ‘शिस्त: एक प्रवास’.

२८ एप्रिल, रविवार

नीट लिहून ठेवतो. उद्या लोक काहीही बोलतील.

इस्त्रीचा शर्ट घालून दहाला शेजारी गेलो. किल्ल्यांचं कडं कमरेला, गाडीची किल्ली खिशात, भाषणात व्यत्यय नको म्हणून फोन सायलेंट. स्टेज नव्हतं. खुर्चीही नव्हती. गेटमध्येच पंचवीस-तीस माणसं उभी होती आणि मी पोचायच्या आधीच प्रश्नोत्तरं सुरू झाली. तुमच्या लोकांच्या गाड्या आमच्या दारात का? हा रस्ता तुमच्या तीर्थरूपांचा का? एकाने तर माझी कॉलर धरून प्रश्न विचारला. विषयाबद्दल तळमळ दिसली. भाषण मात्र पहिल्या पानापुढे सरकलं नाही.

बाराच्या सुमारास परत आलो, तर माझी गाडी जागेवर नाही. पाहतो तर बागेत! कर्दळीच्या वाफ्यात, चाकं चिखलात, नाक भिंतीला. चोरीचा प्रयत्न म्हणून ओरडणार, तोच गॅलरीतून काकू कडाडल्या, ओरडू नका, आम्हीच ठेवलीय.

मग त्यांनी सगळं सांगितलं. फार चवीने सांगितलं.

मी गेल्यावर थोड्याच वेळात मास्तरच्या बायकोला कळा सुरू झाल्या. मास्तर धावत खाली आला, तर गाडीपुढे खांब. लाथा मारल्या, पहार घातली, खांब हलला नाही. (मेव्हण्याचं काम पक्कं असतं.) मला फोनवर फोन. (कुठे जातोय ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, सत्काराची बातमी एकदम द्यायची होती.) अँब्युलन्सवाले म्हणाले, वेळ लागेल. पोरगी जिन्याच्या पायरीवर बसून कठडा धरून कण्हत होती. दातांचे डॉक्टर म्हणाले, माझ्या गाडीतून नेऊ. त्यांचा रणगाडा आदल्या संध्याकाळी मी गाडी मागे घेतल्यावर आत आला होता, त्याच्यापुढचा खांबही खालीच होता, पण आता गेटमध्ये माझी गाडी. रणगाडा काही लहान गाडी नाही.

तेवढ्यात ही खाली आली. हातात पेपर तपासायचं लाल पेन तसंच. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा त्या पोरीकडे, आणि म्हणाली, बघता काय, उचला!

आणि उचलली. डॉक्टर, मास्तर, सुस्कारे, झोपेतून उठून गाउनवर आलेली नर्स, आणखी कोण कोण. काकू गॅलरीतून डावीकडे, डावीकडे म्हणून ओरडत होत्या. सुस्कारेंनी एकट्याने एक कोपरा पेलला, म्हणे. गाडी बागेत गेली, रणगाडा बाहेर पडला. ही मागच्या सीटवर त्या पोरीचा हात धरून बसली. हॉस्पिटलात पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. दोघी सुखरूप.

सुखरूप हा शब्द काकूंनी दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

विचार केला तर, किती वर्षांनी अख्खी सोसायटी एकदिलाने एका कामाला लागली! मागच्या सेक्रेटरींच्या काळात असं झालं होतं का?



२८ एप्रिल, संध्याकाळ

हॉस्पिटलला जाऊन आलो. मास्तर बाकावर बसला होता. मला बघून उठून उभा राहिला. नियमांमागची भूमिका समजावून सांगायची म्हणून मी वाटेत दोन-तीन वाक्यं तयार केली होती. तो म्हणाला, काका, तेवढी किल्ली द्या. परवा दोघींना घरी आणायचंय.

एवढंच. चिडला असता तर मी उत्तर दिलं असतं.

कड्यातून किल्ली काढून दिली. लवकर निघेना. मग त्याने आत नेऊन मुलगी दाखवली. दुपट्यात गुंडाळलेली, लालबुंद, आणि कपाळाला अशी आठी की जणू माझ्यावरच तक्रार आहे. डोळ्यांत पाणी आलं. फिनेलचा वास.

परत येताना ही वाटभर एक शब्द बोलली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणजे विषय संपला म्हणायचा.

६ मे

विषय संपलेला नाही. जिन्यात मी दिसलो की लोकांना एकदम फोन येतात. लिफ्टमध्ये सगळे छताकडे बघतात. डॉक्टरांनी खास सभा बोलावलीय.

घाबरत नाही. हुकमाचा एक्का माझ्याकडे आहे: राजीनामा! मी राजीनामा देताच लोक भानावर येतील, या कामाला दुसरा माणूस कुठून आणायचा? विनवण्या होतील. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा मान तुकवायची. आरशासमोर तिन्ही वेळा करून पाहिलं. तिसरी वेळ फारच हृद्य होते.

१२ मे, रविवार

सभा. सगळे फ्लॅट हजर, काही घरांतून तर दोघं दोघं. उठलो. म्हणालो, अत्यंत जड अंतःकरणाने मी

डॉक्टर म्हणाले, मंजूर.

सुस्कारे म्हणाले, अनुमोदन. या वेळी सुस्काराही टाकला नाही. टाळ्या पडल्या. मी तसाच उभा होतो, हातात अडीच पानं. नर्स म्हणाली, बसा काका, दमला असाल.

मग आता सेक्रेटरी कोण? मी जरा सावरून बसलो. इथे विनवणी सुरू होईल असं वाटलं. काकू म्हणाल्या, त्यात काय विचारायचं, जिनं गाडी उचलायला लावली ती! भराभरा हात वर झाले. ही नको नको म्हणत होती, ते अगदी तीनदा, आणि तिसऱ्यांदा मान तुकवली. रिहर्सल न करता!

मोजणी झाल्यावर लक्षात आलं की हात माझाही वर होता.

१९ मे

नव्या कारभारात खांब काढले. मेव्हणा भंगाराच्या भावात परत घेऊन गेला. आता म्हणे ज्याने त्याने काचेमागे आपला फोन नंबर लावायचा, गाडी अडली की फोन करायचा. झालं! आणि हिला वाटतं ही व्यवस्था आहे. मास्तरचे पैसे चार हप्त्यांत घ्यायचं ठरलं. उरलेल्या पैशांत लिफ्टची दुरुस्ती.

मी तोंड मिटून आहे. आठवड्यात सगळं कोलमडेल, तेव्हा माझ्याकडेच येतील.

२६ मे

अजून कोलमडलेलं नाही. वाट बघतोय. खिडकीतून नऊ गाड्या मोजल्या. सगळ्या तिरक्या.

३ जून

लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई भेटल्या. चौथ्या मजल्यावर नवीन राहायला आल्यात. हसून म्हणाल्या, तुम्ही सेक्रेटरींच्या घरचे ना? मी ताठ झालो. सोसायटीच्या शिस्तीचा मूळ पाया कोणी घातला हे नवीन माणसाला सांगायलाच हवं. घसा खाकरला. तोवर त्या म्हणाल्या, मग बाईंना एवढा निरोप द्याल? आमच्या बाथरूमचं छत गळतंय.

लिफ्ट थांबली. म्हणालो, देतो.

घरी आल्याबरोबर निरोप दिला. ही शाळेत निघाली होती. चप्पल घालता घालता म्हणाली, तोंडी नको, माझ्या लक्षात राहणार नाही, कुठेतरी लिहून ठेवा.

दुसरा कागद सापडेना, म्हणून इथेच लिहितो. चौथा मजला, डावीकडचा फ्लॅट. बाथरूमच्या छताला ओल. थेंब थेंब पडतंय, कालपासून.