खाडीवरचा रविवार

नवीन पनवेल,
१९ डिसेंबर २०२४

प्रिय विनिताताई,

नमस्कार. नागपुरात कडाक्याची थंडी असेल, स्वेटर काढलेस ना? रेवाला मराठीत वीसपैकी अठरा मिळाले. नीट जेवते. केस फार वाढलेत, कापू का?

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मी खोटं उत्तर देते. चार दिवस तेच करतेय.

माझी रविवारची रानशाळा तुला माहीत आहे. टॉवरमधल्या मुलांना टेकडीवर, ओढ्यावर नेते, पानं-किडे दाखवते. या रविवारी बारा जणांना खाडीवर नेलं, निवट्या बघायला. चिखलावर टुणटुण उड्या मारणारा मासा बघून मुलं वेडी झाली. ज्यांना घरात फरशीवरही अनवाणी चालू देत नाहीत, ती गुडघ्यापर्यंत काळी झाली होती. मला फार आनंद झाला होता, ताई. हेही खरं आहे.

रेवा काठावर घसरली, थोडं खरचटलं, असं मी तुला सांगितलं. ती घसरली नव्हती. गाळात रुतली होती. कमरेपर्यंत.

भरतीची वेळ मी बघून ठेवली होती. अजून तासभर आहे, असा माझा अंदाज. पण दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवसाचं उधाण. पाणी आवाज न करता बाजूच्या चरातून आत आलं. रेवा ओरडलीसुद्धा नाही. "मावशी, पाय निघत नाहीये," एवढंच म्हणाली, हळू, तिचंच काही चुकल्यासारखं. मी धावले तर माझाही पाय मांडीपर्यंत आत. मागे, रानशाळेला माझ्याबरोबर येणारी आशालता उरलेल्या मुलांना धरून उभी, आणि मुलं रडायला लागलेली. पाणी रेवाच्या छातीशी आलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मला हलता येत नव्हतं.

पलीकडे चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडणारी एक म्हातारी होती, सखूबाई. फळी ओढत आली. "पाय मारू नको गो बाय! मागं पड, पाठीवर! आनि बाई, तुमी हलू नका, तुमी पन जाल आत." ती फळीवर पोटावर झोपली, रेवाच्या काखेत हात घातले आणि एकेक पाय सोडवला. मग मला काढलं. काठावर आल्यावर म्हणाली, "पोरं आनायच्या आधी आमाला इचारायचं. आमी हितंच असतो." रागावली नव्हती. तेच जास्त लागलं.

आता जे चार दिवस तोंडातून निघत नाही, ते लिहिते. रेवा आपणहून तिथे गेली नव्हती. पालकांच्या ग्रुपवर टाकायला मला फोटो हवा होता. "अजून थोडी पुढे जा, मागे खाडी छान येते," असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, इथे मऊ आहे." मी म्हटलं, "काही होत नाही."

तुझी नागपूरला बदली झाली तेव्हा पोरीचं वर्ष मोडू नये म्हणून तू तिला माझ्याकडे ठेवलंस, दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि रिक्षातून येताना मी तिला सांगितलं, आईला यातलं बोलायचं नाही.

ती हल्ली बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय टाकण्याआधी भिंत धरते. बोटं टेकवून बघते, मग आत जाते. सोसायटीच्या बागेत कुणाचंही मूल पळताना दिसलं तरी मी "हळू" म्हणून ओरडते. काल सगळ्या पालकांना बोलावून घडलं ते सांगितलं, रानशाळा थांबवली. कुणी चिडलं, कुणी उठून गेलं. तरी तुला सांगायचं धाडस नव्हतं.

आज सकाळी वेणी घालताना रेवाने विचारलं, "मावशी, आई व्हिडिओ कॉलवर विचारते तेव्हा मी कुठे बघायचं?"

आठ वर्षांची आहे गं ती.

तिला घेऊन जायचं असेल तर ये, मी एका शब्दाने अडवणार नाही. मला बोलायचं ते नंतर बोल. आधी तिला एवढं सांग, की तिने काही लपवलं नाही, मावशीने लपवलं. माझ्याकडून ऐकून तिला ते पटत नाहीये.

फोन वाजला तर मी उचलीन. काहीही बोललीस तरी ठेवणार नाही.

तुझ्या उत्तराला घाबरलेली,
चारुता