नावाला ओ

कलकत्ता, २ सप्टेंबर १९३४

ती. सौ. दुर्गावहिनीस,
प्रभाचा सा. न. वि. वि.

तुमच्या लग्नात भेटलो त्यानंतर आपले बोलणे झालेच नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते. दादाचे पत्र आले. दुर्गा अशी हाक मारली की तुमचा आवाज बदलतो, लवंग दाढेत धरून बोलावे तसा होतो, आणि पहिल्या वहिनींनी ठेवलेल्या वस्तू तुम्ही न विचारता काढून आणता, असे तो लिहितो. दाढेत लवंग धरायची सवय त्यांना होती. तुम्हाला अक्कलकोटला माहेरी पाठवावे आणि परत आणू नये, असे आईचे म्हणणे. तुम्हाला काय वाटते, ते मात्र कुणी लिहिलेले नाही.

तुमचे माहेरचे नाव गोदावरी. पहिल्या वहिनी वारल्या, वर्षाच्या आत तुम्ही आलात, आणि घराच्या तोंडात बसलेले नाव बदलायला नको म्हणून दादाने तुम्हालाही तेच, दुर्गा, ठेवले. मला गुंता तिथे दिसतो.

मानसशास्त्राच्या एम. ए.ला आम्हाला एक साधी परीक्षा शिकवतात. सोबत शब्दांची यादी आहे. दादाने एकेक शब्द वाचावा, तुम्ही मनात येईल तो पहिला शब्द सांगावा. विचार करू नये. माझ्या प्रबंधाला अशी प्रकरणे हवी आहेत, पण ज्याची परीक्षा घेतली त्याच्या परवानगीवाचून एक अक्षरही लिहायचे नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

लोभ अजून जडलेला नाही. तो जडावा, ही विनंती.

प्रभा


सोलापूर, ११ सप्टेंबर १९३४

चि. प्रभावन्संस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वयानं तुम्ही मोठ्या, पण नात्यानं मी. तेव्हा मुकाट्यानं घ्या की.

परीक्षा झाली. लई हसले मी. प्रबंधात खुशाल घाला, माझी परवानगी आहे. आमच्या माहेरी कानडी आणि मराठी एकाच ताटात, म्हणून पाणी म्हटल्यावर नीरु, दार म्हटल्यावर बागलु, असंच तोंडातून गेलं. मराठीत सांगा म्हणून इकडून चिडणं झालं. मी म्हटलं, वन्संनी विचार करू नका असं बजावलंय.

मध्येच तुम्ही दुर्गा हा शब्द घातलात. त्यापुढं इकडून ‘ओ’ असं लिहून घेतलं. वन्सं, मी बोलले नव्हते. पदर दातात धरून हसू दाबत होते. आवाज तोच होता, लवंगेचा. मीही ऐकला. पण माझ्या तोंडातून आला असं मला वाटलं नाही. आता माझा मलाच भरवसा राहिला नाही.

दसरा झाला की न्यायला या, असं सासूबाईंनी माझ्या बाबांना कळवलंय. परत न आणलेल्या मुलीकडं लोक कसं बघतात ते मला माहीत आहे. आमच्या शेजारची चन्नम्मा तशीच बसलीय. मला इथंच नांदायचंय.

शिकून झालं की इथल्या सात रस्ता चौकात पाटी लावणार म्हणे तुम्ही. आत विकणार काय, असं सासूबाई विचारत होत्या.

लोभ कागदावर दिसला. आता डोळ्यांना दिसू द्या.

तुमची वहिनी (खाली नाव कुठलं घालू, कळेना)


कलकत्ता, २० सप्टेंबर १९३४

ती. सौ. गोदावरीवहिनीस,
सा. न. वि. वि. नाव मुद्दाम हेच लिहिले आहे.

माणूस नकळत बोलून जातो आणि आपण तोंड मिटून होतो असेच त्याला वाटते, अशी उदाहरणे आमच्या पुस्तकांत आहेत. तेव्हा स्वतःवरचा भरवसा सोडू नये. वस्तू कुठे असतात हे घरातल्या बोलण्यातून कानावर पडते. गेलेल्या माणसाचे नाव तुम्हाला दिले, त्याबरोबर त्यांचे वागणेही तुम्ही उचलले, एवढेच.

उपायही तेवढाच. त्या नावाने घरात कुणी हाक मारू नये. दादाला आणि आईला वेगळे लिहिले आहे, की मी पूजेच्या सुटीत येईन, तोवर तुम्हाला कुठेही धाडू नये.

इथे पूजेची तयारी चालली आहे. गल्लोगल्ली तेच नाव ऐकू येते. मी खिडकी लावून वाचत बसते.

मी काही विकणार नाही, फक्त ऐकून घेणार, असे आईला सांगावे.

जडू लागलेला लोभ तुटू देऊ नये.

प्रभा


सोलापूर, ४ ऑक्टोबर १९३४

चि. प्रभावन्संस,
आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच.

सगळे मला गोदावरी म्हणतात. परवा मोहरीचा डबा सापडेना म्हणून बोलणी खाल्ली आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. आवाज माझा मलाच ओळखीचा वाटतो. सासूबाईंनी बाबांना कळवलं, येऊ नका.

पण एक सांगते. काल दुपारी ओसरीवर सासूबाई माझी वेणी घालत होत्या. बोलण्याच्या भरात सवयीनं त्यांनी हाक मारली, दुर्गे, तेलाची वाटी आण गं. आतून उत्तर आलं, आणते.

सासूबाईंचा हात माझ्या केसांत तसाच राहिला. आत कुणी नव्हतं. थोड्या वेळानं मी मान वळवून पाहिलं, तर वाटी उंबऱ्यावर होती. ती आधीपासूनच तिथं असेल, असं सासूबाई म्हणाल्या. मीही व्हय म्हटलं.

आता मला माहेरी धाडायचं नाव त्या काढत नाहीत. मी गेले तर त्यांना दुपारी तिच्याबरोबर एकटीनं राहावं लागेल.

लवकर या. लोभ आहेच, तो घेऊन या.

गोदावरी


कलकत्ता, ३० ऑक्टोबर १९३४

ती. सौ. गोदावरीवहिनीस,
सा. न. वि. वि. सुखरूप पोचले. तुम्ही दिलेली शेंगाचटणी वाटेतच संपली.

घरी असताना जे सांगितले नाही ते लिहिते. एका दुपारी तुम्ही आणि आई ओसरीवर ज्वारी निवडत होता, दादा कचेरीत होता. मी पडते असे सांगून आत गेले ती स्वयंपाकघरात बसले. यादी हातात होती. हलक्या आवाजात एकेक शब्द वाचून थांबत गेले. पाणी. दार. उत्तर नाही, आणि ते यावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. मग ते नाव वाचले.

ओ आली. चुलीजवळून, हात पुढे केला तर लागेल इतक्या अंतरावरून. लवंग दाढेत धरलेली. मागोमाग भांडे उचलल्याचा आवाज झाला.

तुमच्या तोंडाचा प्रश्नच नव्हता. माझे तोंड मिटलेले होते का, हे मी सांगू शकत नाही. आमची पुस्तके खरी असतील तर ते मला कळणारही नाही.

त्या भांड्याच्या आवाजाने मात्र एक लक्षात आले. नाव पहिल्या वहिनींचेच होते. आपण रोज त्यांना कामाला हाक मारत होतो आणि त्या उठत होत्या. मी यादी मिटली. वहिनी, आता कुणी हाक मारणार नाही, तुम्ही निजा, असे म्हटले, आणि बाहेर येऊन तुमच्याबरोबर ज्वारी निवडायला बसले. मी खडे सोडून दाणेच वेचून टाकत होते, ते तुम्ही आईला दाखवले नाहीत, त्याबद्दल आभार.

हे प्रकरण मी प्रबंधातून काढले. तेच सर्वांत चांगले होते, त्यामुळे प्रोफेसर नाराज झाले आणि कारण विचारू लागले. मी सांगितले, उत्तरे दोघींची आहेत आणि परवानगी एकीचीच आहे.

लोभ असावा, दोघींचाही.

प्रभा