आप्पांसाठी ताणलेल्या तारा

२ सप्टेंबर १९५६, लष्कर
सकाळी मुंबईहून घरी पोचलो. दारातून हाका मारल्या, आप्पा वळलेच नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. ताईनं लिहिलं होतं, कान गेले म्हणून. इतके गेले असतील असं वाटलं नव्हतं. आता बोलायचं ते पाटीवर लिहून.

५ सप्टें.
आप्पांनी संस्थानच्या बँडात मोठा पितळी बाजा वाजवला, उभा जन्म. विलीनीकरणात बँड मोडला. त्यानंतर बाजा हातात नाही. माझ्या रेकॉर्डवरच्या गाण्यांना 'पानाच्या टपरीवरचं' म्हणायचे. पुढे मी फिल्मचं पार्श्वसंगीत वाजवायला लागलो, तर 'नटीच्या रडण्यामागची पिपाणी'. आता काहीच म्हणत नाहीत. तेच सोसत नाही.

११ सप्टें.
ताईच्या कचेरीत एकच विषय, राजधानी भोपाळला हलणार. टाइपिस्ट लोकांचाही तबादला, म्हणजे ताईचीही बदली.
"आप्पांना मी नेते. तू जा मुंबईला," म्हणाली. चिडली असती तर बरं.

१९ सप्टें.
मुरारला गेलो, आप्पांच्या जुन्या बँडखोलीत. चौकीदारानं उघडून दिली. भिंतीवर नुसत्या खुंट्या. पाय आपटला, लाकडी जमीन घुमली, पार पोटरीपर्यंत.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तारा ताणल्या तर? जाड, बारीक. खाली पोकळ पेट्या. माणसानं मधून चालायचं, हात लावायचा. चाल नाही, ताल नाही. ह्याला म्हणतात काय, कोण जाणे. पण कान नसले तरी…

३० सप्टें.
तारा ताणून झाल्या, बोटं चिरली. चौकीदार म्हणतो, "मास्टरजी, ये बजेगा भी?"
वाजतं. खिडक्या उघडल्या की वाऱ्यानंसुद्धा.
ताई डबा घेऊन आली, मधोमध थांबली. "भीती वाटते रे. बाजूच्या खोलीत कुणी बोलतंय असं." तरी बराच वेळ हलली नाही.

७ ऑक्टो.
आप्पांना टांग्यातून नेलं. उंबऱ्यावर अडले. "इथं कशाला आणलंस?" ओरडलेच.
त्यांचा तळवा पेटीवर टेकवला, जाड तार छेडली. हात झटकला. मग आपणहून परत ठेवला. डोळे मिटून.
"उतरलाय. सूर उतरलाय."
मी तार चढवली.
"अजून."
अजून चढवली. तुटली. त्यांच्या गालाला चाटून गेली. रक्त थोडंच आलं, पण… टांग्यात रुमाल त्यांनीच गालाला धरला.

१४ ऑक्टो.
हुकूम आला. बँडखोलीत कचेऱ्यांचं दप्तर ठेवणार, ताबडतोब खाली करा. हुकूम काढणाऱ्या साहेबांना भेटलो. "क्या है वहाँ? तार ही तो हैं." समजावता आलं नाही. मलाच कुठे समजलंय.
मुंबईची तार: नवी फिल्म, लगेच या.

२० ऑक्टो.
सगळं उतरवलं. तारांची भेंडोळी चौकीदारानं कपडे वाळत घालायला मागितली. दिली. किल्ली सकाळीच परत केली. आप्पांना सांगितलं नाही. गालाच्या जखमेची खपली अजून आहे, ती बघितली की बोलवत नाही.
ताईचं सामान बांधून झालं. आप्पा भोपाळला येतो म्हणत नाहीत, राहतो म्हणत नाहीत.

२१ ऑक्टो.
दुपारी आप्पा टोपी घालून बाहेर आले.
"मुरारला चल. जाड तार मी लावतो. तुला जमायची नाही."
ताईनं माझ्याकडे बघितलं. मी पाटीवर लिहून दाखवायला खडू घेतला, आणि तसाच धरून बसलोय. आप्पा ओट्यावर जोडे चढवताहेत.