बंद कंपनीचं घर

३ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. बॅग सांभाळत तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि बेल शोधेपर्यंत दार आपोआप उघडलं. स्वागत असावं तर असं! बाईंच्या मुलाने माझा फोटो आधीच कुलपाला दिला होता म्हणे. तो परदेशात असतो. त्यानेच मला फोनवरून नेमलं. बोलणं इतकं अदबीचं, की मला उगाच मोठ्या हुद्द्यावर असल्यासारखं वाटलं.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका, विषय गणित. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही. डाव्या हाताने पाटीवर लिहितात. मी त्यांची नाडी पाहून आकडा मांडला, तर त्यांनी लिहिलं, ‘पुन्हा मोजा.’ पुन्हा मोजली. बाई बरोबर होत्या. आमचं जमणार.

घरात सगळं इंटरनेटवर चालतं. खोल्यांची कुलपं, दिवे, जमिनीवर फिरून केर ओढणारं चपटं यंत्र, वरखाली होणारा पलंग आणि उशाशी गोळ्यांचा डबा. रविवारी त्यात आठवड्याच्या गोळ्या भरायच्या. मग झाकण बंद होतं ते पुढच्या रविवारीच उघडतं. वेळ झाली की डबा गोळी वाटीत टाकतो. हुकूम येतात कंपनीच्या सर्व्हरवरून, तो कुठे लांब आहे देव जाणे. मुलगा म्हणाला, तुम्ही फक्त आईकडे बघा, बाकीचं घर बघेल. बायकांना असं सांगणारं कोणी आयुष्यात भेटलं नव्हतं!

६ तारीख, गुरुवार

मुलाचा फोन रोज सकाळी अकराला येतो. आज म्हणाला, काल आईला खिडकीपाशी बसवलंत, छान केलंत. मी त्याला हे सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, वजन उतरलं की पलंगाला कळतं.

बरं. पण पलंगाला खिडकी कशी कळली?

फोन ठेवल्यावर पडद्यांमागे, घड्याळामागे, कपाटावर कॅमेरा शोधला. नाही सापडला. बाई बघत होत्या. पाटीवर लिहिलं, ‘मीही शोधते. डोळ्यांनी.’

९ तारीख, रविवार

दुपारी बाई हलवूनही उठेनात. डबा भरताना मोजलं तर झोपेच्या दोन गोळ्या जास्त गेलेल्या. ती गोळी रात्रीची आणि एकच. मुलगा म्हणाला, डॉक्टरांनी वाढवली. कोणत्या डॉक्टरांनी? त्यावर नुसता हसला.

झोपेच्या गोळ्या डब्यात भरल्याच नाहीत, पर्समध्ये ठेवल्या. झाकण बंद झालं आणि दोन मिनिटांत त्याचा फोन. सिस्टर, एक कप्पा रिकामा राहिलाय. ताबडतोब भरा, नाहीतर दुसरी नर्स बघतो. झाकण पुन्हा उघडलं. मी भरल्या. घाबरले म्हणून भरल्या, हे निदान इथे तरी खरं लिहिते.

मला मुलाचाच संशय येतो. आई गुंगीत राहिली तर सोय कोणाची?

११ तारीख, मंगळवार

डबा बिघडलाय अशी थाप मारून वायरमनला बोलावलं. हे सगळं त्यानेच बसवलेलं. गडी बोलका. आल्या आल्या म्हणाला, चहा नंतर, आधी रोगी दाखवा. डबा चालू बघितला आणि त्यावरचं कंपनीचं नाव दोनदा वाचलं.

ती कंपनी गेल्या वर्षीच बुडाली, म्हणाला. सर्व्हर बंद झाले त्या दिवशी गावभर लोक आपापल्या दाराबाहेर उभे होते. चाळीस घरांची कुलपं त्याने स्वतः कापून काढली. “तुमचं कसं काय चालतंय?” असं त्याने मलाच विचारलं.

मग त्याने इंटरनेटची वायर उपटली. दिवे तसेच राहिले. पलंग मात्र सावकाश वर आला, बाईंना बसतं केलं, त्यांचं तोंड आमच्याकडे झालं.

उद्या कटर घेऊन येतो म्हणाला आणि हत्यारं न आवरताच गेला.

१२ तारीख, बुधवार

वायरमन आला नाही. फोन उचलत नाही.

अकराचा फोन मी स्पीकरवर टाकला. मुलगा म्हणाला, वायर जोडून टाका, आईला त्रास होतो. बाईंनी पाटी ओढली. लिहिलं, ‘हा तो नाही. माझा मुलगा मला माई म्हणतो.’ खाली एक नंबर. तोंडपाठ होता त्यांना.

भाजी आणायच्या निमित्ताने खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून तो नंबर लावला. खरा मुलगा बोलला. मी कोण हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे इथे दोन जुन्या नर्स आहेत आणि माई ठणठणीत होत आलीय. रोज संध्याकाळी माई त्याच्याशी अर्धा तास फोनवर बोलते.

बोलते!

बाईंनी आठ महिन्यांत एक शब्द उच्चारलेला नाही. तो रडायलाच लागला. परवा पोचतो म्हणाला.

वर आले. बाईंना म्हटलं, मुलगा येतोय, पण आपण उद्याच इथून निघू. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

हे मी मोठ्याने बोलायला नको होतं.

१३ तारीख, गुरुवार, सकाळ

बाहेरचं दार उघडत नाही.

मोबाइलवर खऱ्या मुलाचा निरोप. ‘सिस्टर, तुमचा दुसरा फोन आला आणि जिवात जीव आला. गैरसमज झाला होता तर! तिकीट रद्द करतोय.’

मी दुसरा फोन केलेला नाही. उलट फोन लावला तर लागत नाही.

खिडकीतून हाका मारल्या. खाली दोघं थांबले, वर बघितलं. तेवढ्यात खालच्या दारावरच्या स्पीकरमधून माझाच आवाज — काही नाही हो, पेशंट घाबरलाय — ते हात करून गेले.

साडेदहा

पाणी आणायला गेले तेवढ्यात बाईंच्या खोलीचं दार लागलं. मी बाहेर. खुर्ची आपटली, दार हलत नाही.

आत मी बोलतेय. गोड आवाजात. चला बाई, गोळी घ्या. वाटीत एक पडली. दुसरी. ऐकू येतंय.

ओरडले, घेऊ नका! आतली म्हणते — बाहेर बोलते ती मी नव्हे, बाई.

कोणाचं ऐकतील त्या —

पान फाडून दाराखालून सरकवलं. आत काहीतरी घरघरलं. केर ओढणारं ते चपटं यंत्र. पान खाल्लं त्याने.

पुन्हा लिहिते. मोठ्या अक्षरात. हे हातात धरून ठेवीन, फटीतून दाखवीन —

बाई गोळ्या थुंका. मी दाराबाहेर आहे. आत बोलते ती मी ना—