चिवड्याची परीक्षा

सुलतानपूर,
शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९६२

ती. सौ. सत्यभामाआत्यांस प्रेमलाचा साष्टांग नमस्कार. गुडघ्याची सूज उतरली का? तेल कोमट करूनच लावता ना?

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. सीमेवरच्या जवानांसाठी मी एक घोंगडी दिली असे लिहिले होते. एक नव्हे, दोन दिल्या. (दुसरीबद्दल लिहायचा धीर झाला नाही.)

दिवाळीत दारोदार मागणारे येतातच. यंदा लढाईमुळे जास्त आले. त्यांतला खरा कोण? बाबांनी मला घरी बाराखडी शिकवली तेव्हाच सांगितले होते, की लबाड माणूस घाईत असतो. त्याला बसवावे, खाऊ घालावे, मग कळते. म्हणून पाडव्याला एक टोपीवाले गृहस्थ घोंगड्या मागत आले, त्यांना मी चिवडा वाढला. "घाई कायले, बाई? जवानाइचं काम हाये, बसतो," म्हणाले, आणि तीन बशा चिवडा व पाच करंज्या संपवून ओसरीवर डुलकीही काढली. एवढा निवांत माणूस मी पाहिला नव्हता! हा पारखलेला आहे, असे मीच गल्लीभर सांगत फिरले. घरोघरच्या घोंगड्या त्यांच्या बैलगाडीत गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतले शंकरराव मास्तर त्याच कामाला आले. पाणीसुद्धा नको म्हणाले, "अजून अर्धं गाव राह्यलं." केवढी ही घाई! मी आतून कडी लावली.

काल चावडीवर तहसिलीत पोचलेल्या घोंगड्यांची यादी वाचली. सगळ्या मास्तरांनी नेलेल्या. आमच्या गल्लीचे एकही नाव नाही. तेव्हापासून सारखी दाराशी जाते. (आत्ताही लिहिता लिहिता दोनदा उठून दार पाहून आले. आता काय उपयोग?) पाणी भरताना शेजारच्या जनकाबाई विचारतात, "काऊन वं प्रेमला, आज कोनाले चारला चिवडा?" जवान तिकडे बर्फात, आणि मी करंज्या वाढत बसले. मास्तर समोरून आले की मी बोळात वळते.

आपली,
प्रेमला

ता. क. दुसरी घोंगडी तुमची होती. श्रावणात इथे विसरलेली.

आणखी ता. क. तुमचे पत्र आत्ताच मिळाले. तुमच्या हिवऱ्याच्या मंगळवारच्या बाजारात इथे विसरलेल्या घोंगडीच्या अगदी जोडीची एक मिळाली, विकणारा फार निवांत, भाव करताना तुमच्याकडचे शंकरपाळे खात बसला, असे लिहिता. आत्या, कोपरा उलटून पाहा. लाल दोऱ्याचा 'स' असेल. ती धुऊ नका, पुराव्याला लागेल.

शेवटचे. मास्तरांकडे जाऊन माफी मागून आले. ते आणि जनकाबाई माझ्याबरोबर येत्या बाजाराला हिवऱ्यास येतील. आम्ही पोचेपर्यंत तो बाजारातून हलता कामा नये, म्हणून एवढेच करा: पातेलेभर चिवडा करून त्याच्यापुढे ठेवा. दिवस लक्षात ठेवा, येता मंगळवार, १३ नोव्हेंबर.