तेराने भाग जातो

४ मार्च
पुन्हा शेगडीचं बटण उघडं! घरभर वास. ताईला विचारलं तर म्हणते, "मी आज ओट्याकडे फिरकलेसुद्धा नाही." मग चहा काय भुतांनी केला?
भाच्याचा फोन — "धाकटी मावशी, मोठीला डॉक्टरांना दाखव आता." दोन वर्षांत यायला फुरसत नाही, सल्ला मात्र तयार!

९ मार्च
डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींहून लहान. "आजी, आज वार कोणता?"
ताई म्हणाली, "तुमच्याच भिंतीवर लिहिलाय की."
मी भडकले. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला वार कसले विचारता! आमचा लहानपणापासूनचा खेळ आहे. समोर दिसेल तो लांबलचक आकडा घ्यायचा आणि एक सोडून त्याला पूर्ण भागणारी लहानात लहान संख्या सांगायची. कॉन्व्हेंटात गेले मी, जन्मभर गणित शिकवलं मी, पण आकडे वश ताईला. कधी चुकली नाही.
फाइलवर नंबर होता ४८२९१७६४३. तोच तिच्यापुढे धरला. ताईने डोळे मिटले. "तेरा."
मी केसपेपरच्या मागे करून पाहिलं. मदरनी शिकवलेली रीत — तीन-तीनचे गट, कडेचे दोन मिळवायचे, मधला वजा करायचा; उरलेलं तेराने गेलं तर आकडाही जातो. ४८२ आणि ६४३, १०२५. त्यातून ९१७ गेले, उरले १०८. तेराने जात नाही.
"ताई, नाही गं जात."
"जातो. नीट बघ."
ताई पहिल्यांदाच चुकली होती. डॉक्टरने फाइलवर काहीतरी लिहिलं.

१७ मार्च
ताईला वृद्धाश्रमात ठेवायच्या फॉर्मवर सही मीच केली. ताई भांडली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "एक किल्ली शेजारी देऊन ठेव."

१८ मार्च
घर खायला उठतं.

२४ मार्च
शेजारीण दार बडवत आली. बाथरूमचा नळ वाहून पाणी जिन्यापर्यंत गेलेलं! "ताई तर इथे नाहीत ना?" म्हणाली. आगाऊ बाई.
रात्रभर तेच वाक्य डोक्यात.

२६ मार्च
ताईला भेटले. खिडकीशी बसली होती. कशी आहेस नाही, काही नाही — "केलास का भागाकार?"
इतकी चिडले! चाळीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्यात मी. पर्समधला केसपेपर काढला, तिथलाच कागद घेतला आणि त्या फाइल-नंबरचा सरळ तेराने भागाकार मांडला, तिला तिची चूक दिसावी म्हणून.
३७१४७५११. बाकी शून्य.
मग डॉक्टरांकडची ती बेरीज पुन्हा केली, ४८२ आणि ६४३. आठ नि चार बारा, हातचा एक. तो मी घेतलाच नव्हता. हातचा! दुसरीतल्या मुलींना ज्यासाठी उभं करायचे, तो!
"तू बोलली का नाहीस?"
"बोलले की," ताई म्हणाली. "नीट बघ म्हटलं." आणि माझा हात हातात घेऊन बसली.

२७ मार्च
आश्रमात फोन केला. ताईला घरी नेते म्हटलं. खाट मात्र कोणाला देऊ नका — फॉर्मवरचं नाव तेवढं बदला.