घडीच्या खुर्च्या

शुक्रवार, १३ सप्टेंबर

चि. धाकटीस,

थोरल्या जावेचा प्रभूत सलाम. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही ठीकच असणार. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "बरं, जाऊबाई" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते आहे.

काम एवढंच, की माझ्या घडीच्या खुर्च्या परत पाठव.

गुरुवारचा प्रार्थनेचा गट वाटला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू भाऊजींना टेम्पो घेऊन पाठवलंस, तेव्हा मी दवाखान्यात होते. ह्यांनी दार उघडून दिलं. ह्यांना दार उघडायला सांगितलं की हे दार उघडतात, पुढचा विचार करत नाहीत. त्या खुर्च्या चर्चच्या मंडळीच्या नाहीत, पाळकसाहेबांच्याही नाहीत. एकेक करून मी जमवल्यात. प्रत्येकीच्या बैठकीखाली पांढरा ठिपका आहे, उलटी करून बघ.

आपल्या मंडळीची रीत तुला मी शिकवायला नको (शिकवली मीच आहे, ते असो). गुरुवारच्या गटात गुडघ्याला गुडघा लागायला लागला की एकाचे दोन गट करायचे, आणि मदतनिसाने अर्धी माणसं घेऊन दुसऱ्या घरी बसायचं. पाळकसाहेब स्वतः माणसं वाटून देणार होते. मीच म्हटलं, कशाला? आम्ही दोघी जावा खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहतो, ज्याने त्याने आपली खुर्ची उचलावी आणि हवी तिकडे न्यावी. पायावर धोंडा मीच पाडून घेतला, हे मला तू सांगायची गरज नाही. सगळी मंडळी सांगतेच आहे.

सगळ्यात आधी पोस्टमन उठला. त्याची नोकरी गेली होती तेव्हा त्याच्यासाठी उपास कुणी केला होता, विचार त्याला. मग नर्सबाई. मग ते नवरा-बायको, ज्यांचं भांडण मी माझ्या स्वयंपाकघरात बसवून मिटवलं. माझ्या बाजूला उरले सुतारकाका, ज्यांना कमी ऐकू येतं आणि काय चाललंय ते समजलं नसावं, आणि हे. हे सोफ्यावर बसले होते. सोफा उचलता येत नाही म्हणून ते माझे राहिले. बाकी कोण कुठे गेलं ते तू पाहिलंस. मी नावं घेत बसत नाही.

तुझ्यावर माझा राग आहे, तो साखरेत घोळून सांगायचं वय माझं राहिलं नाही. मी दर गुरुवारी खोली झाडायची, अभ्यास तयार करायचा, कोण आलं नाही त्याच्या घरी जायचं. आणि तू कोपऱ्यात बसून मान हलवायचीस, चहा द्यायचीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तुला गट चालवता येत नाही, धाकटे. तू माणसांना बोलू देतेस, भरकटू देतेस. मी माणसांना गाडी शिकवते. शिकणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक असतो आणि माझ्या पायाखाली दुसरा. तो दुसरा नसता तर निम्मे शिकाऊ आज भिंतीत असते. गटप्रमुखाचंही काम तेच.

आता लिहायला घेतलंच आहे तर आणखी एक. परवा पोस्टमन दारात आला. पाकीट देता देता म्हणाला, "ताई, आम्ही सगळे ठकीसाठी प्रार्थना करतोय हां." मी विचारलं, "कशासाठी?" तसा त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... असंच," म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला.

ठकी माझी मुलगी आहे. आम्ही एका टेबलावर जेवतो. "मीठ दे." "दार लाव." "उशीर होईल." एवढंच बोलणं होतं. मग तुझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसून, पोस्टमनसमोर आणि नर्सबाईसमोर ती असं काय बोलली, जे मला ठाऊक नाही? ती रडली का? आजारी आहे का? कुणी फसवलं का तिला? मला पोस्टमनकडून कळावं?

उलट टपाली कळव. आई म्हणून माझा हक्क आहे. आणि खुर्च्या पाठव.

तुझी जाऊ,
गटप्रमुख, गुरुवारचा गट (पहिला)

●

सोमवार, १६ सप्टेंबर

ती. जाऊबाईंस,

सादर सलाम. खुर्च्या पाठवल्या आहेत. सगळ्या पुसून दिल्या आहेत, दोन खुर्च्यांचे स्क्रू सैल होते ते ह्यांनी आवळले. आम्ही आता जमिनीवर बसतो. कुणाची तक्रार नाही.

ठकीचं विचारलंत. मी सांगणार नाही.

"खोलीतलं खोलीत" हा नियम कुणाचा? मी नवी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच गुरुवारी तुम्ही मला उभं करून तो पाठ म्हणायला लावला होता, सगळ्यांसमोर. प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरची गोष्ट बाहेर नेणारा माणूस गटात नको, असं तुम्हीच म्हणायचात. पोस्टमनदादांची जीभ घसरली. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली, ठकीचीही. आता मी तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या माझ्या खोलीत तोंड कोण उघडेल?

ती आजारी नाही. कुणी फसवलेलं नाही. तिच्या जिवाला काही धोका नाही. एवढं सांगायला तिने मला परवानगी दिली आहे, आणि तेवढंच मी लिहिते आहे. बाकीचं तिला विचारा. तुमच्याच घरात राहते ती.

नागोबा म्हणालात, म्हणून आता मीही बोलते. इतकी वर्षं मी मान हलवली, कारण तुमच्यापुढे दुसरं काही हलवायची सोय नव्हती. ठकी कॉलेजात जायला लागली त्या वर्षी तिने तुमच्या गटात पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. आठवतं? एक वचन म्हटलं, अध्याय सांगितला, आणि तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "अध्याय चुकला." तिने "आमेन" पण म्हटलं नाही. त्यानंतर तुमच्या खोलीत तिचा आवाज कुणी ऐकला असेल तर मला कळवा.

माझ्या गटात लोक भरकटतात, खरं आहे. अध्याय तर रोज चुकतात. तुमचा तो दुसरा ब्रेक माझ्याकडे नाही, आणि मला तो नको.

खुर्ची उचलून तुमची मुलगी माझ्याकडे आली. मी बोलावलं नव्हतं. त्या दिवसापासून तुम्ही सगळ्यांना नावं ठेवलीत, गेलेल्यांत तिचं नाव मात्र घेतलं नाहीत. पत्रातसुद्धा दोन पानं खुर्च्यांवर घालवलीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, जाऊबाई.

तुमची,
धाकटी

●

शुक्रवार, २० सप्टेंबर

धाकटीस,

खुर्च्या पोचल्या. पुसायला कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रूही सैल नव्हते, मी ते सैलच ठेवते, घडी घालताना बोट चिमटत नाही.

तुझं पत्र वाचून इतका संताप झाला की त्या दिवशी एका शिकाऊ बाईला मी गाडीतून उतरवून दिलं. तिची काही चूक नव्हती. "सुंभ" काय, "पीळ" काय! थोरल्या जावेला कुणी असं लिहितं?

आणि अध्याय चुकलाच होता. आजही सांगते. चुकलेल्याला चुकलेलं मी म्हणायचं नाही, तर कुणी म्हणायचं?

सुतारकाका या गुरुवारी आले नाहीत. जिना चढवत नाही म्हणून निरोप आला. हे म्हणाले, "आज आपण दोघंच वाचू या का?" मी खोलीभर खुर्च्या मांडल्या होत्या. सवयीने मांडल्या. मग त्यातली एक उचलली आणि निघाले. हे विचारत होते कुठे, मी सांगितलं नाही.

तू दार लोटून घेतलं होतंस, कडी नव्हती. मी बेल वाजवली नाही. तुझ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची टेकवून उभी राहिले. ठरवून आले होते की आत जायचं, मधोमध बसायचं, आणि माझ्यासमोर काय बोलायचं ते बोला म्हणायचं. भांडायलाच आले होते, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात आत ठकी प्रार्थना करायला लागली.

शब्द कळले नाहीत. तुझा पंखा खडखडतो, तो दुरुस्त कर. पण आवाज तिचाच. घरात आहे तो नव्हे, लहानपणी अंघोळ करताना मोठ्याने गायची, तो. मी पायरीवर बसलेच. मग मधेच ती अडली. वचन आठवत नसेल, किंवा रडू आलं असेल. माझा उजवा पाय पायरीवर दाबला गेला, धाकटे, अगदी गाडीत दाबला जातो तसा. माझं तोंडसुद्धा उघडलं होतं. आत कुणीच काही बोललं नाही. तू नाहीस, पोस्टमन नाही. सगळे नुसते थांबले. किती वेळ थांबलात! मला तुझा राग आला, की पोरीला अशी लोंबकळत काय ठेवतेस, दे की एखादा शब्द. आणि मग तिला तो सापडला, आणि ती पुढे बोलायला लागली, आणि शेवटी "आमेन" म्हणाली. मी ऐकलं.

मी आत आले असते तर ती बोलली नसती. हे मला कळतं. मला सगळं कळत नाही असं समजू नकोस.

घरी आली तेव्हा मी ताट वाढलं. विचारलं नाही. विचारायचं जिभेच्या टोकावर होतं आणि मी नुसती बसले. तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आई, बरं नाहीये का तुला?" मी म्हटलं, "आहे." मग ती बराच वेळ टेबलावरून उठली नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो इतक्यात जाईल असंही दिसत नाही. गट तू माझ्यापेक्षा बरा चालवतेस असं कुणी म्हणालं तर मी तोंडावर नाही म्हणेन.

पण प्रत्येक गटात एक खुर्ची रिकामी ठेवायची, अजून न आलेल्या माणसासाठी, ही पद्धत मंडळीत मी आणली. तुम्ही जमिनीवर बसायला लागलात म्हणून ती मोडायची नाही. काल तुझ्या दाराबाहेर एक घडीची खुर्ची सापडली असेल. बैठकीखाली ठिपका आहे. ती आत घे. दाराजवळ ठेव, ठकीच्या नजरेसमोर नको. तिच्यावर पिशव्या ठेवू नका, कुणाला बसवू नका.

आणि ही एक परत पाठवू नकोस.

ठकीची आई